हरकतीची पंधरा मिनिटं

रिबू, परवा फोनवर तू सांगितलंस, की तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये लग्नाआधी सहा आठवड्यांचा वर्ग करावा लागतो. कॉम्प्युटरवर पानंच्या पानं प्रश्न सोडवायचे आणि मग तुमचं दोघांचं कुठे जुळतं, कुठे जुळत नाही याचा रंगीत तक्ता निघतो. तुला हसू येत होतं. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" असं तू विचारलंस. मी "होतं" एवढंच म्हणाले आणि थंडीची चौकशी करायला लागले. विषय का बदलला ते लिहून कळवते. फोनवर मला ते क्रमाने सांगता आलं नसतं. लग्नाआधी अमितलाही वाचायला दे.

आमच्या मुलुंडच्या देवळात हा वर्ग साळवेकाका घ्यायचे. चर्चला आम्ही जुने मराठी ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतो, हे तुला माहीत आहे. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी चाळिशीची होते, एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होते आणि मंडळीची, म्हणजे देवळाच्या सभासदांची, चिटणीसही होते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशी तीन रजिस्टरं माझ्या ताब्यात असत. साळवेकाका मला "चिटणीसबाई" म्हणायचे. नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

ते बुटके, रुंद खांद्यांचे होते. मूळचे नगरकडचे, आणि मुंबईत सगळा जन्म काढूनही त्यांच्या जिभेवरचं नगर गेलं नव्हतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी पँट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. भांडुपच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं टाइमकीपर होते. फाटकाशी बसायचं, कोण किती वाजता आला ते लिहायचं. उशिरा आलेला कामगार कारण सांगे. कोणाची सासू वारलेली असे, आणि तीच सासू वर्षात दुसऱ्यांदा वारे. साळवेकाका कोणालाही खोटं पाडत नसत. शेवटपर्यंत ऐकून घेत, त्याच्या तोंडाकडे बघत, "बरं" म्हणत आणि लाल पेनाने वेळ लिहीत. "कारण त्याचं, वेळ माझी," असं त्यांचं म्हणणं.

बायको फार पूर्वी गेली, तेव्हा मुलगी करुणा नऊ वर्षांची होती. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे पाद्रीसाहेबांकडे, तीन देवळांच्या मंडळ्या होत्या, त्यांना सवड नसे. म्हणून साळवेकाका निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी हा वर्ग काकांच्या गळ्यात घातला. काका म्हणाले, "साहेब, मी बिनबायकोचा गडी. मला काय कळतंय?" पाळकसाहेब म्हणाले, "बायको असलेले सगळे मला सांगतात की त्यांना सगळं कळतं. म्हणून तुम्ही घ्या."

लग्न ठरलेल्या जोडप्याने चार शनिवार, संध्याकाळी पाच वाजता यायचं. काका कापडी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ काढत. किल्लीचं, डोक्यावर दोन घंटा असलेलं. पाचवर पाच मिनिटं जरी उलटली तरी म्हणत, "आज लेट मार्क. पण ध्यानात ठेवा, संसारात लेट मार्क नसतोय. तिथं डायरेक खाडा."

पहिल्या शनिवारी ते दोघांना दोन टोकांना बसवत आणि एकेक कागद देत. लग्नानंतरच्या एका साध्या मंगळवारी आपण सकाळपासून झोपेपर्यंत काय करणार ते घड्याळाप्रमाणे लिहायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचायचे. मी बाजूच्या खोलीत रजिस्टर उतरवत असे तेव्हा हे ऐकून पुष्कळदा तोंडावर रुमाल धरला आहे. एका मुलाने लिहिलं होतं, "सात वाजता उठणे. साडेसातला डबा घेऊन निघणे." काकांनी विचारलं, "डबा कुठनं आला रं?"

"घरून, काका."

"घर काय डबा घालतंय व्हय, कोंबडीवानी? हिच्या कागदात बघ. चारला नळ येतो, तेव्हा ही उठली. पाणी भरलं, कणीक मळली, तुझ्या आईचा चहा केला. तुझ्या मंगळवारात नळच न्हाई. तुम्ही दोघं एकाच घरात राहणार हाय ना?"

मुलगा लाजला आणि मुलगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण काका हसले नाहीत. ते म्हणाले, "मीबी असाच मंगळवार लिहिला असता. बारा वर्षं पाळ्या केल्या. रातपाळीहून येऊन झोपायचो तेव्हा ती आवाज नको म्हणून भांडी घासायला खाली चाळीच्या नळावर जायची. मला वाटायचं, तिला तिथं गप्पा मारायला आवडतंय. ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं." हे ते प्रत्येक जोडप्याला सांगत. दर वेळी तेवढंच, त्याच शब्दांत, आणि दर वेळी त्यानंतर उगाच घड्याळाला किल्ली देत.

चौथा शनिवार मात्र त्यांचा खास होता. तुला ठाऊक आहे, लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार उपासनेत नावं वाचली जातात. या दोघांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ता बोलावं, असं विचारलं जातं. मग थोडी शांतता. त्या शांततेत कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बायका पदर सारखे करत, कोणी खोकत, आणि पुढची सूचना सुरू होई. काकांना त्या शांततेचा राग होता. "अख्ख्या मंडळीला विचारत्यात," ते म्हणत, "अन् ज्या दोघांला विचारायचं त्यांला कोण विचारतंय?"

म्हणून चौथ्या शनिवारी ते रिकाम्या देवळात त्या दोघांना समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसवत. स्वतः वेदीपाशी उभे राहून, रविवारी वाचतात तसंच त्यांची नावं वाचत आणि हरकत विचारत. मग घड्याळ पंधरा मिनिटांवर लावून मधल्या स्टुलावर ठेवत. "आता मी भाईर जातो. जी काय हरकत असंल ती एकमेकांला सांगा. नसंल तर गप बसा. पण गजर होईस्तवर उठायचं न्हाई." दार ओढून ते बाहेरच्या बाकावर बसत. गजर झाला की दार उघडून "झालं?" एवढंच विचारत. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. तो त्यांचा नियम होता. मग मला चिठ्ठी मिळे, "नावं घ्यायला हरकत नाही." ती आल्याशिवाय मी नावं वाचायला देत नसे.

बहुतेक जोडपी आत खुसखुसत. काही मुली रडून बाहेर येत आणि तरी चिठ्ठी मागत. एकदा एक मुलगा गजर होण्याआधीच बाहेर आला, काकांच्या पाया पडला आणि सरळ रस्त्याला लागला. मागून मुलगी आली ती शांत होती. लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर त्या मुलाचा मामा सगळ्यांसमोर काकांच्या अंगावर धावून आला.

"तुम्ही लग्नं जुळवायला बसलाय का मोडायला? हॉल घेतलाय आम्ही! लोकांना तोंड काय दाखवू?"

काका म्हणाले, "हेच तोंड दाखवा, मामा. चांगलं हाय." लोक हसले, मामा आणखी चिडला. तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि हळू म्हणाले, "पंधरा मिनिटांत मोडलं, मामा. पंधरा वर्षांनी मोडलं असतं तर तुम्हीच रडत आला असता." पुढे ती मुलगी दुसऱ्या मुलाबरोबर पुन्हा त्यांच्याच वर्गाला येऊन बसली. त्या दिवशी काकांनी पेढे आणले होते.

हे सगळं सांगितलं कारण पुढचं समजायला ते हवं. मोडलेल्या लग्नाची त्यांना लाज वाटत नव्हती. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना दिसत होती. फक्त त्यांच्या मुलीला दिसली नाही.

करुणा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज गोड, चालणं भराभर, वडिलांसारखीच थट्टेखोर. एकतिसावं लागलं तरी तिचं कुठे जमलं नव्हतं. त्या काळात एकतीस म्हणजे बायका बोलणं थांबवून बघायला लागत. शेवटी घाटकोपरचं स्थळ आलं. मुलगा प्रदीप, एका कंपनीत फिटर, विधवा आईचा एकुलता एक. सभ्य, हळू बोलणारा, चष्मा सारखा पुसणारा. दोन्ही घरी आनंद झाला आणि पत्रिकाही छापून झाल्या.

पाळकसाहेबांनी सुचवलं, की निदान हा वर्ग तरी दुसऱ्या कोणी घ्यावा. काका म्हणाले, "दुसरं कोण हाय?"

चौथ्या शनिवारी मी दुपारीच देवळात गेले होते. रजिस्टरांची वर्षअखेरीची नक्कल काढायची होती. मागच्या दाराशी चपला काढून बाजूच्या खोलीत बसले. त्या खोलीत आणि देवळात प्लायवूडची एक फळी, तीसुद्धा छतापर्यंत न गेलेली. पाच वाजता काकांनी नावं वाचली, हरकत विचारली, दार लागलं. मला तेव्हाच खोकायला हवं होतं, खुर्ची सरकवायला हवी होती. पण मला वाटलं, आता आवाज केला तर त्यांना लाज वाटेल. मी पेनसुद्धा खाली ठेवलं नाही.

बराच वेळ नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. मग प्रदीप म्हणाला, "करुणा, तू नाही म्हण ना."

"म्हणजे?"

"मला म्हणता येत नाही. आईने मागे एकदा जेवण सोडलं होतं, हॉस्पिटलात न्यावं लागलं. तू म्हटलंस तर संपलं. माझ्यात काहीही खोट काढ. दारू पितो म्हणून सांग."

"पितोस?"

"नाही."

"मग दुसरी कोणी आहे?"

"नाही गं. मला लग्नच नको आहे. तुझ्याशी नको असं नाही, कोणाशीच नको. का ते नको विचारू. तू चांगली आहेस म्हणून तुला सांगतोय, यार. हात जोडतो."

त्याचा आवाज फुटला होता. मी आयुष्यात पुरुषाला तसं विनवताना ऐकलं नव्हतं. करुणाची खुर्ची करकरली. मग म्हणाली, "माझ्या बाबांकडे ह्या वर्गाशिवाय दुसरं काय आहे सांग. त्यांच्याच पोरीचं लग्न ह्याच खुर्चीवर मोडलं, तर उद्या त्यांच्यापुढे येऊन कोण बसेल? लोक काय म्हणतील, की स्वतःच्या घरचं धड..." पुढचं तिने गिळलं. "होईल सवय. लोकांना होतेच ना."

"करुणा, प्लीज."

"तूच नाही म्हण, हिंमत असेल तर. मी नाही म्हणणार."

गजर झाला. काकांनी दार उघडलं. "झालं?"

"झालं, बाबा," करुणा म्हणाली. एक्स्चेंजमध्ये नंबर जोडून देताना बोलत असेल तशी, अगदी गोड.

ते दोघे गेल्यावर काका बाजूच्या खोलीच्या दारात आले. चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "नावं घ्यायला हरकत नाही." अक्षर नेहमीचंच होतं. पण ते गेले नाहीत. म्हणाले, "उतरवून झालं का, चिटणीसबाई?"

"झालं."

"समदं?"

"हो, सगळं." मी रजिस्टर मिटलं. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेले.

मी तुमच्या आजोबांनासुद्धा सांगितलं नाही. चोरून ऐकलेलं बोलणं कसं सांगणार, असं मी मनाला बजावलं. शिवाय त्यांचाच नियम होता, आतलं बाहेर न्यायचं नाही. शिवाय करुणा काही लहान नव्हती. माझ्याकडे तीन कारणं होती, तिन्ही व्यवस्थित. तीन आठवडे मी ती एकाखाली एक मांडत राहिले.

पहिल्या दोन रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली. तिसऱ्या रविवारी ते दुसऱ्या मंडळीत होते, तेव्हा सूचना वाचायचं काम साळवेकाकांवर आलं, कारण मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांत ते सर्वांत ज्येष्ठ होते. कोणीतरी म्हणालं, आज दुसऱ्याला वाचू द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आजारी लोकांची नावं वाचली, महिला मंडळाची सभा सांगितली, मग मुलीचं नाव. "करुणा वसंत साळवे." त्यांनी हरकत विचारली, चष्मा काढला आणि वाट बघत उभे राहिले.

नेहमी ती शांतता दहा आकडे मोजण्याइतकी असते. त्या दिवशी ती संपेना. पंखा फिरत होता. मागे एक बाळ कुरकुरलं, त्याला गप्प केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कोणीतरी हसून म्हणालं, "काकांना पोरगी द्यायची नाही वाटतं." प्रदीपची आई पहिल्या बाकावर ताठ बसली होती. प्रदीप चष्मा पुसत होता. करुणा खाली बघत होती. काका कोणाकडे बघत होते ते मी बघितलं नाही, कारण मी मांडीवरच्या वहीत बघत होते. मला वाक्यही पाठ होतं. मुलालाच हे लग्न नको आहे, एवढंच. पाच शब्द. आणि मी मनात म्हणत होते, देवा, ह्यांना पुढची सूचना वाचू दे.

शेवटी त्यांनी चष्मा घातला. पुढची सूचना वाचली.

लग्न झालं. चार महिन्यांत प्रदीप मस्कतला नोकरीला गेला. पहिल्या वर्षी पत्रं आली, मग नाताळचं कार्ड, मग तेही नाही. सासूने करुणाला दोषी धरलं. पोराला घरात धरून ठेवता आलं नाही म्हणाली. करुणा दोन बॅगा घेऊन मुलुंडला परत आली. वकिलाकडे मीच तिच्याबरोबर गेले होते. त्या काळच्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नवऱ्याने नुसतं टाकलं म्हणून सुटका मिळत नसे. त्याचा बाहेर संबंध आहे हेही सिद्ध करावं लागे. वकील म्हणाला, "तिकडे त्याची कोणी बाई आहे का? असेल तर सांगा, काम होईल." करुणा म्हणाली, "असती तर बरं झालं असतं हो." जिना उतरताना ती इतकी हसत होती की मला तिला कठड्याशी धरून उभं करावं लागलं. ती हसत नव्हती हे मला थोड्या वेळाने कळलं.

ती एक्स्चेंजमध्ये जात राहिली. कोणी "प्रदीपचं काय?" विचारलं की "येईल" म्हणे. हळूहळू तिची थट्टा गेली, मग आवाजही गेला. शेजारी बसलो तरी ऐकू येऊ नये इतकं हळू बोलायला लागली.

काकांनी वर्ग सोडला नाही. पण ते दाराबाहेर बसेनासे झाले. दोन-तीन मिनिटं झाली की दार ढकलून आत जात. "काय बोलला? मला सांगा. पोरी, तू सांग. खरं सांग, मी तुझ्या बापाशी बोलतो." एका मुलीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की ती घाबरून रडायला लागली. तक्रारी आल्या. लोक मुलांना दुसऱ्या मंडळीत वर्गाला पाठवायला लागले. पंचांची सभा झाली, आणि वर्ग पाळकसाहेबांच्या नव्या मदतनिसाकडे द्यायचं ठरलं. तो तरुण होता, छापील पुस्तिका वाटायचा. सभेची नोंद मीच लिहिली. करुणाने वडिलांसाठी जे जपलं होतं ते अशा रीतीने गेलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी देवळात गेले तर काका बाहेरच्या बाकावर बसलेले. आत कोणी नव्हतं. पाच वाजले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत घड्याळ. टिकटिक ऐकू येत होती. ते वाळून गेले होते, शर्ट खांद्यांवर लोंबत होता. खिशाला लाल पेन तेवढं होतं.

मी शेजारी बसले आणि सांगितलं. त्या दिवशी मी आत होते. मी ऐकलं होतं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "मागल्या दाराला तुमच्या चपला होत्या. निळा पट्टा, डाव्याला टाका घातलेला. तीस वर्षं लोकं आत गेलेली अन् भाईर आलेलीच बघितली मी."

ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"करुणा भाईर आली तव्हाच मला कळलं, कायतरी हाय. पण नियम माझाच. मला विचारता येईना. म्हटलं, चिटणीसबाईंनी ऐकलंय. त्या शिकलेल्या, त्या उठतील. म्हणून तिसऱ्या रविवारी हटून मीच वाचलं. शंभर मोजले मी, बाई. तुमच्याकडं बघून मोजले."

रिबू, मी पुष्कळ दफनं रजिस्टरात उतरवली आहेत. त्या बाकावर मला पहिल्यांदा वाटलं, की त्यात आता माझंच नाव लिहिलं गेलं असतं तर बरं.

मग त्यांनी विचारलं, "काय बोलला तो?" मी सांगितलं, जसंच्या तसं. दारूचं, आईचं, हात जोडल्याचं. ते मान हलवत राहिले. त्यांना प्रदीपचा राग आला नाही. "बिचारा," म्हणाले.

"अन् ती? आमची?"

"ती म्हणाली, होईल सवय."

"आन् काय? का म्हणून हो म्हणाली ती? माझं नाव घेतलं का तिनं?"

ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. डोळे लाल होते, पण नजर जुनीच, फाटकावरची.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नाव नाही घेतलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पिशवी उचलली आणि फाटकातून बाहेर पडले. रस्ता ओलांडून ते पलीकडे पोचले असतील तेव्हा पिशवीत गजर सुरू झाला. दोन्ही घंटा खणखणत होत्या. पानवाला बाहेर डोकावला, रिक्षाची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. काकांनी पिशवीत हात घातला नाही. त्याच संथ चालीने चालत राहिले. किल्ली संपेपर्यंत तो गजर वळणापलीकडूनही मला ऐकू येत होता.